निळा म्हणजे निळा

रविवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.४०

नवीन वही सुरू. वही कंपनीची, मजकूर खाजगी. बायकोने वाचू नये म्हणून वर ‘गंजरोधक प्रायमर : तांत्रिक नोंदी’ असं लिहिलंय.

हॉटेलात पोचलो. शुक्रवारपर्यंत मुक्काम. जुनं गोदाम होतं, त्याचं आता बुटीक हॉटेल झालंय. पूर्वी पोती ठेवायचे, आता माणसं ठेवतात. चौदा खोल्या, चौदा रंग, आणि चौदाही रंग आमच्या कारखान्यातले. म्हणजे पर्यायाने माझे. एकोणतीस वर्षांत माझ्या सहीशिवाय रंगाचा एक डबा बाहेर पडलेला नाही. मूळ नमुना आणि नवीन बॅचचा नमुना लाइट बॉक्समध्ये शेजारी शेजारी ठेवायचे, बघायचं, सही करायची. लोकांना सोपं वाटतं. लोकांना सगळंच सोपं वाटतं.

तक्रार अशी. पहिल्या मजल्यावरच्या कॉरिडॉरची लांब भिंत. रंग आमचा निळा, नंबर ४१७. डिसेंबरात पाइप फुटला म्हणून अर्धी भिंत पुन्हा रंगवली. रंग तोच, नंबर तोच. मालकीणबाई म्हणतात की दोन अर्ध्या भिंतींचे रंग वेगळे दिसतात. डिसेंबरची बॅच मी स्वतः पास केलेली आहे. म्हणजे वास्तविक विषय तिथेच संपतो. पण साहेब म्हणाले, तुम्ही जाऊन राहा, वेगवेगळ्या वेळी बघा, आणि शुक्रवारी मला एका ओळीत कळवा, जुळतो की नाही. मग फाइल बंद करता करता म्हणाले की जुळत नसेल तर एक मार्चपासून बॅच पास करायचं काम मशीनकडे देऊ.

मशीन म्हणजे रंग मोजायचं यंत्र. तीन वर्षांपूर्वी घेतलं. ते चालवायला एक बाई ठेवली आहे, तिला मी मशीनवाली म्हणतो. रोज सगळे गेले की तासभर मागे थांबते. एवढं काय काम असतं कोण जाणे.

म्हणजे प्रश्न माझ्या खुर्चीचा आहे. काळजी नाही. भिंत बघायची, ‘जुळतो’ असं लिहायचं, उरलेले पाच दिवस आराम. बायकोलाही आणलंय. नऊ वर्षांत तिला कुठे नेलं नाही असं तिचं म्हणणं आहे. मी मोजलेलं नाही.

रात्री ८.१५

इथे खोल्यांना नंबर नाहीत. फक्त दाराचा रंग. आमची खोली जांभळी. खाली जाऊन आलो आणि चावी लागेना. आतून एका गृहस्थांनी दार उघडलं. तोंडाला फेस, हातात रेझर. ती तपकिरी खोली निघाली. मी सौम्य शब्दांत म्हटलं की दार जांभळं आहे. ते म्हणाले, नाही हो.

रिसेप्शनवरच्या दाढीवाल्याला सुचवलं की खोल्यांना नंबर द्या. तो म्हणाला, सर, रंग हीच आमची ओळख आहे. यांच्या शिक्षणावर आईबापांनी किती खर्च केला असेल.

सोमवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ७.००

भिंत पाहिली. जुळतो.

सकाळी ११.००

जुळतो.

दुपारी ४.१०

जुळतो. वास्तविक अहवाल आजच पाठवता येईल. पण एवढ्या घाईने पाठवला तर साहेबांना वाटेल नीट पाहिलं नाही.

एक छोटी अडचण. जुना रंग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, तो जोड मला सापडला नाही. रंग किती चोख जुळलाय याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. हॉटेलचा रंगारी जिना घासत होता, त्याला विचारलं. तो आधी हसला. मग मी हसत नाही हे बघून त्याने येऊन भिंतीवर बोट ठेवलं. अर्थात त्यानेच रंगवलीय, त्याला माहीत असणारच.

निःपक्षपाती मत घ्यायचं ठरवलं. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या आठ जणांना थांबवून विचारलं. आठही जण म्हणाले, दोन वेगळे निळे आहेत. एक बाई म्हणाल्या, डावीकडचा जास्त सुंदर आहे. सुंदर कोणता हा प्रश्नच नव्हता. एक चार वर्षांचं पोर भिंतीवरून हात फिरवत पळत आलं आणि रंगाऱ्याने बोट ठेवलं होतं बरोबर तिथे थांबून म्हणालं, इथे संपला.

मालकीणबाईंनी सगळ्यांना पढवून ठेवलंय. लहान मुलांना लवकर शिकवता येतं.

बायकोला विचारलं नाही. ती कंपनीची माणूस नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळी ९.३०

कारण सापडलं. दिवे!

इथल्या प्रत्येक दिव्याभोवती एक गोल कडं सोडलंय. फॅशन असावी. कसं केलंय समजलं नाही, म्हणून मालकीणबाईंना विचारलं. बाई पस्तिशीच्या, केस आखूड, मला काका म्हणतात. मी सत्तावन्नचा आहे, काका म्हणण्यासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, काका, साधेच बल्ब आहेत. मी म्हटलं, साध्या बल्बला कडं नसतं. त्यांनी बल्बकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कॉफी घेणार का म्हणून विचारलं. विषय बदलण्याची पद्धत.

अशा दिव्यात कुठलाही रंग वेगळा दिसणार. कॉरिडॉरमधले सगळे बल्ब बदला, असं लेखी दिलं.

न्याहारीचं मेनूकार्ड फिकट पिवळ्या शाईत छापलंय. हेही फॅशनमध्ये मोडत असावं. बायकोने वाचून दाखवलं. अंडी मागवली.

दुपारी १.००

बायको म्हणाली, अहो, मोजे. एका पायात काळा, एका पायात गडद निळा. बॅग भरताना तिने जोड्या लावल्या नाहीत, दुसरं काय. घरी असं कधी होत नाही.

ती दुपारी समोरच्या मातीकामाच्या वर्गाला गेली. या भागात दर दुसऱ्या दुकानात काहीतरी शिकवतात आणि मधल्या दुकानात कॉफी विकतात. सायकली भिंतीवर टांगतात आणि झाडं बाथरूममध्ये ठेवतात. रस्त्यावरून गेलो तर तीन जणांनी माझी टोपी कुठे घेतली म्हणून विचारलं. कारखान्यातली आहे. एकाने तिचा फोटो काढला.

संध्याकाळी ६.३०

बावीस बल्ब बदलले. दाढीवाल्याने स्वतः शिडीवर चढून. पुन्हा आठ जणांना विचारलं. त्यातले दोघे कालचेच होते, ते न थांबता दुरूनच हो हो म्हणत गेले. बाकी सहा जण म्हणाले, आता फरक जास्त स्पष्ट दिसतो.

नवीन बल्बना पण कडं आहे. सगळा लॉटच खराब असणार.

तपकिरी खोलीच्या गृहस्थांच्या दारात पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी या बसा म्हटलं. बसलो. चांगला माणूस आहे, चेलो वाजवतो. त्यांना भिंतीबद्दल विचारलं नाही. प्रत्येक संबंधात व्यवसाय आणू नये.

बुधवार, ११ फेब्रुवारी. सकाळी १०.२०

आता बचाव पुरे. मशीनचाच कान धरायचा.

मशीनवालीला फोन केला. म्हटलं, गेल्या दोन वर्षांत मी पास केलेल्या सगळ्या निळ्या बॅचेसची मशीनवरची मोजमापं काढून पाठव. साहेबांना अहवालासोबत जोडतो. माझा डोळा आणि त्यांचं मशीन यांत केसाचाही फरक नाही हे एकदाच कागदावर येऊ दे.

ती म्हणाली, सर, सगळ्या कशाला, एवढ्याची गरज आहे का? म्हटलं, आहे. म्हणाली, सर, सर्व्हर स्लो आहे. म्हटलं, थांबतो. मग तिनेच विचारलं, काकू मजेत आहेत का, हॉटेल कसंय.

घाबरलीय. मशीन उघडं पडणार ना!

दुपारी ३.००

आठवण केली. सर्व्हर स्लो.

संध्याकाळी ५.००

सर्व्हर अजून स्लो. मशीनच्या जोरावर कारखाना चालवायला निघालेत.

बायको आणि मालकीणबाई यांची गट्टी जमलीय. दोघी गच्चीत खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मी गेल्यावर बोलणं थांबलं. बायको म्हणाली, कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, फ्रेम इतक्या सुंदर रंगांच्या आहेत, तुम्हाला आवडतील. डोळेही तिथेच तपासतात. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांवर एकोणतीस वर्षं कारखाना चाललाय, ते कोपऱ्यावरच्या दुकानात तपासायचे? ती म्हणाली, बरं. तिचं बरं मला ओळखू येतं. चार दिवस टिकतं.

ठरलं. उद्या जाऊ. फक्त फ्रेम बघायला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. दुपारी १२.४५

चष्मेवाला पंचविशीचा. हनुवटी टेकवा, इथे बघा, वर बघा, खाली बघा. बराच वेळ दिवा मारून बघत होता. मग म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा बराच पिकलाय. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. दिव्याभोवती कडं दिसतं का? मी म्हटलं, ते तर सगळ्यांनाच दिसतं. तो म्हणाला, नाही.

मग म्हणाला की मोतीबिंदूत नजर पिवळसर होते, जवळजवळचे निळे वेगळे ओळखता येत नाहीत. नेमका निळाच! जगात इतके रंग असताना. मालकीणबाईंचं हॉटेल आणि याचं दुकान यांत शंभर पावलांचं अंतर आहे, एवढंच नोंदवून ठेवतो.

मी म्हटलं, ठीक आहे, मग आहे त्या चष्म्याऐवजी नवा द्या. त्याने चष्मा विकायला नकार दिला. म्हणाला, उपयोग होणार नाही, आधी ऑपरेशन करा. ही विक्रीची नवीन पद्धत असावी.

रस्ता ओलांडताना बायकोने माझा हात धरला. लोक बघत होते. सोडवून घेतला नाही, कारण गाड्या होत्या.

दुपारी ४.००

अहवाल लिहून ठेवला. ‘जुळतो.’ खाली सही. मशीनवालीचे आकडे आले की जोडतो आणि पाठवतो. साहेब एक ओळ म्हणाले होते, मी एका शब्दात आणलं.

पण एक गोष्ट सरळ लिहितो. चष्मेवाल्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. म्हणून सगळ्यांसमोर कायमचा निकाल लावायचा. उद्या अकरा वाजता लॉबीत प्रात्यक्षिक. माझ्या पेटीत निळ्या रंगाची चाळीस कार्डं आहेत, वीस छटा, प्रत्येकी दोन, नंबर मागे. बायको पिसणार, मी जोड्या लावणार. नवीन माणूस घेतला की त्याची परीक्षा मी अशीच घेतो. वीसपैकी अठराच्या खाली आला की दारातूनच परत. गेल्या दहा वर्षांत सात जणांना परत पाठवलंय. मशीनवालीने वीस लावल्या होत्या, तेव्हा नशीब म्हटलं होतं.

मालकीणबाई, दाढीवाला, रंगारी यांना आमंत्रण दिलं. तपकिरी खोलीलाही. चष्मेवाल्यालाही सांगणार होतो, पण त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणून दया आली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. सकाळी ८.००

झोप उत्तम. म्हणजे दोनदा उठलो, पण मधली उत्तम.

सकाळी ११.५०

प्रात्यक्षिक झालं.

सगळे वेळेवर आले. चेलोवाले गृहस्थ कोट घालून आले. मी खिडकीजवळचं टेबल घेतलं, उजेड उत्तम. चार मिनिटांत वीस जोड्या लावल्या. हात एकदाही अडखळला नाही. माझ्या मते इतक्या वेगाने कुणी लावलेल्या नाहीत. लावून झाल्यावर मी मागे टेकलो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रंगारी उगाच नाक चोळत बाहेर निघून गेला. मालकीणबाई म्हणाल्या, काका, कॉफी?

बायको कार्डं उलटून नंबर बघत होती. बघून झाल्यावर पटापट गोळा केली आणि पेटीत भरली. म्हणाली, अकरा बरोबर.

मी तिच्या समोरच बसलो होतो. उलटे नंबर वाचायची मला सवय आहे. मोठे छापलेत, माझ्याच सांगण्यावरून. पाच होते.

मी म्हटलं, हं, अकरा. टेबल डगमगत होतं.

दुपारी १.२०

मशीनवालीची मेल आली. सोबत तक्ता. मोबाइलवर अक्षरं लहान, म्हणून दाढीवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून घेतला.

त्रेसष्ट निळ्या बॅचेस. प्रत्येकीसमोर माझी सही, वेळ. आणि खाली दुसरी ओळ. संध्याकाळी सहा दहा, सहा वीस, सहा चाळीस. ‘किंचित जांभळा टाकला. पुन्हा मोजलं. पास.’ ‘पिवळेपणा मारला. पुन्हा मोजलं. पास.’ आधी वाटलं, छपाईची चूक आहे. मग वाटलं, दुसऱ्याच कुणाचा तक्ता आहे. मग सगळ्या ओळी बोट ठेवून वाचल्या.

त्रेसष्टपैकी एकेचाळीस बॅचेसना दुसरी ओळ. सगळे गेल्यावर ती मागे थांबायची ते यासाठी. मी पास केलेल्या बॅचेस ती दुरुस्त करत होती. दोन वर्षं. ना साहेबांना सांगितलं, ना मला.

एकवीस बॅचेस माझ्याच नजरेने बरोबर गेल्या, त्यांच्यापुढे तिने नुसतं ‘ठीक’ लिहिलंय. हे नोंदवून ठेवतो.

राहिली एक, डिसेंबरची. हॉटेलची. तिच्यापुढे माझी सही आणि खाली काहीच नाही. मेलमध्ये तिने लिहिलंय, सर, ते चार दिवस मी रजेवर होते, धाकटीला ताप होता. मी असते तर ही बॅच गेली नसती. सॉरी सर.

तिने सॉरी लिहिलंय.

दुपारी ३.००

काही लिहायचं नाही. तरी वही उघडली.

एकोणतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की रंग मशीनला कळत नाही, माणसाला कळतो. त्या बाईला मी कधी नावाने हाक मारली नाही. मला फार लाज वाटतेय. हे लिहून झाल्यावर पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला बल्बच्या अर्जाचा मसुदा आहे.

संध्याकाळी ४.१५

बायकोला म्हटलं, चल, भिंत दाखव. पाच दिवसांत पहिल्यांदाच विचारलं. ती चप्पल न घालताच उठली. कॉरिडॉरमध्ये नेऊन तिने माझं बोट धरून जोडावर ठेवलं. म्हणाली, या बाजूचा जरा जांभळ्याकडे झुकतो, बघा, आणि हा जरा हिरव्याकडे. म्हटलं, खूप फरक आहे? म्हणाली, खूप नाही हो, पण आहे.

मी दोन्हीकडे पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं, जवळून, लांबून. मला एकच भिंत दिसली.

विचारलं, रविवारीच का नाही सांगितलंस. म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. मग म्हणाली, विचारलं असतंत तरी मी जुळतो म्हणाले असते.

संध्याकाळी ५.००

साहेबांना कळवलं. ‘जुळत नाही. बॅच माझी.’ एका ओळीत बसलं.

तक्ता जोडला. आधी जोडणार नव्हतो. साहेब मशीनवालीला रागावतील की लपवून का ठेवलं. मग वाटलं, नाही जोडला तर ते तिला कधीच ओळखणार नाहीत. सोबत लिहिलं की चूक माझी आहे आणि रागवायचं असेल तर माझ्यावर. साहेबांचं उत्तर आलं, बरं. त्यांच्या बरंचा अर्थ मला लागत नाही.

मालकीणबाईंना सांगितलं, पूर्ण भिंत आम्ही पुन्हा रंगवून देऊ. त्या म्हणाल्या, काका, अहो राहू दे, लोकांना आता सवय झालीय. मी म्हटलं, सवय वगैरे काही नाही, रंग म्हणजे रंग. माझा आवाज जरा चढला. त्या बरं वाटल्यासारख्या हसल्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी. सकाळी ९.१५

कारखाना. ऑपरेशन गुरुवारी, आधी उजवा डोळा. डॉक्टरांना विचारलं, नंतर सगळे निळे वेगळे दिसतील ना? म्हणाले, दिसतील. त्यांनाही सांगितलं की मी शेड मॅचर आहे. त्यांनी पापणी वर करून ड्रॉप टाकले.

एक मार्चपासून काम मशीनकडे. साहेबांनी सांगितलं, मी खुर्चीत बसूनच ऐकलं. माझ्याकडे नवीन लोकांना शिकवायचं काम. शिकवायला डोळे लागत नाहीत, असं ते म्हणाले नाहीत, पण तसंच होतं.

संध्याकाळी ६.२०

सगळे गेले. आज मीही थांबलो. मशीनवाली नमुना मोजत होती. निळाच होता, नंबर ४१७, हॉटेलच्या भिंतीसाठी. तिने सवयीने फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

मी दोन्ही नमुने लाइट बॉक्समध्ये ठेवले. पाहिले. मला तर जुळताना दिसले. तिला नावाने हाक मारली. ती दचकली, कुणी दुसरं आलंय का म्हणून मागे बघितलं. मी विचारलं, जुळतंय का?

ती म्हणाली, जुळतंय सर.

मी फॉर्म तिच्याकडे परत सरकवला. सही तिने केली. खाली मी साक्षीदार म्हणून केली. फॉर्मवर साक्षीदाराचा रकाना नाही, तो मी आखून घेतला.